तुझ्या आवडीचं काय गं?

परवा फोनवर तू घरातल्या प्रत्येकाची आवड मला घडाघडा सांगितलीस. ह्यांना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते, थोरल्यासमोर वांग्याचं नाव काढायचं नाही, धाकटीला भातावर साय हवी, मामंजींना रात्री मऊ भात आणि मेतकूट. मी विचारलं, "आणि तुला गं?" तू जरा थांबलीस. मग म्हणालीस, "मला काय अक्का, काहीही चालतं की." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास. म्हणून आज सगळं लिहूनच पाठवतेय. मुलं झोपल्यावर सावकाश वाच.

हे उत्तर तुझ्या एकटीचं नाही. आपल्या आईचं तेच होतं, काकूचंही तेच. बेळगावात खडे बाजारात साडीच्या दुकानात बसून बघ. नणंदेला कुठला रंग खुलेल, जाऊबाईंना काठ किती रुंद लागतात, हे बायका चटकन सांगतात. स्वतःची साडी घ्यायची वेळ आली की मात्र बरोबरच्या बाईकडे बघून म्हणतात, "तूच बघ गं कुठली बरी ती." याला लोक त्याग म्हणतात, मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही, आपणही बोललो नाही, म्हणून आवड सांगायची सवय मोडते, इतकंच. आणि सवय मोडली की आवडही विसरायला होते. मग संध्याकाळी विनाकारण चिडचिड होते, कुणी मदतीला आलं तरी नको वाटतं, आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते आपल्यालाच सांगता येत नाही. तुझं सध्या तसंच चाललंय. मला तुझ्या आवाजावरून कळतं.

याच्या उलट वागलेल्या एका बाईचं सांगते. निपाणीहून संकेश्वरला जाताना तवंदीचा घाट लागतो. स्तवनिधीला गेलीस की त्याच वाटेनं जातेस. त्या तवंदीच्या दीक्षितांच्या घरातली मुलगी म्हणजे इंदिरा संत. शाळेत त्यांची कविता आपल्याला होती, पण त्यांच्या आयुष्याबद्दल कुणी फारसं सांगितलं नव्हतं. 1914 चा जन्म. कवी ना. मा. संतांशी लग्न झालं, दोघांच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह 1940 साली निघाला, आणि 1946 साली ना. मा. गेले. इंदिराबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या, पदरात तीन मुलं. त्यांनी बेळगावात शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात नोकरी केली, पुढे तिथेच प्राचार्य झाल्या, मुलांना वाढवलं, आणि लिहीत राहिल्या. 'गर्भरेशीम'ला 1984 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इतकं सोसलेल्या बाईनं आवडीनिवडींना फाटा दिला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण तू त्यांची 'मृद्गंध' आणि 'फुलवेल' ही ललित लेखांची पुस्तकं वाच. लहानपण, झाडंफुलं, घरदार, आपल्याला जिवाभावाचं वाटतं ते ते त्यांनी मन लावून सांगितलंय. कविता सगळ्यांनाच लगेच भिडते असं नाही. ही पुस्तकं मात्र तुला आवडतील, याची मला खात्री आहे.

त्यांचे चिरंजीव म्हणजे प्रकाश नारायण संत, लंपनचे लेखक. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चारही पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, ये आणि घेऊन जा. आपल्या सीमाभागातली बोली, कानडीत मिसळलेली, इतकी जशीच्या तशी मला दुसरीकडे भेटली नाही. आजीआजोबांकडे राहणारा तो मुलगा आजूबाजूच्या लहानसहान गोष्टींत हरखून जातो. आई ज्या डोळ्यांनी बघत होती, तेच डोळे मुलाला मिळाले असं मला ती पुस्तकं वाचताना नेहमी वाटतं.

इंदिराबाईंचं आणखी एक मोठं काम म्हणजे 'मालनगाथा'. जात्यावर बसून बायकांनी रचलेल्या ओव्या त्यांनी गोळा केल्या आणि त्यांच्याबद्दल जिव्हाळ्यानं लिहिलं. ते वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या बायकांना घरात कुणी काही विचारत नव्हतं, त्या जात्यापाशी आपली आवड सांगत होत्या. भावाच्या येण्याची वाट, हातातला हिरवा चुडा, लेकराचं चालणं, माहेरची वाट, सगळं मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई ऐकत होती, आपली ओवी पुढे जोडत होती. पहाटेची ती वेळ आणि ती जागा बायकांची होती. पुढे गिरण्या आल्या, हाताचे कष्ट वाचले, ते फार चांगलं झालं. त्या दळणात किती बायकांचे खांदे गेले ते आपल्या आजीनं सांगितलंय. पण दळणाबरोबर बोलायची जागाही गेली आणि तिच्या जागी दुसरी कुणी केली नाही.

मला तुला सांगायचंय ते एवढंच, की आवड सांगायला जागा लागते आणि ती आता तुला स्वतः करावी लागेल. एकटीनं मनात ठेवून ती टिकत नाही.

माझी एक जागा सांगते. फाल्गुन उतरला की आपण वर्षाचं तिखट करतो ना, तो दिवस. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. निम्मीनिम्मी घ्यायची की संकेश्वरी थोडी जास्त, यावरून दर घरात वाद. गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या, देठ खुडायचे, त्या रात्री डोळ्याला हात लावायचा नाही. धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, हळकुंड वेगवेगळं भाजायचं, आणि सगळे डबे घेऊन कांडपाला जायचं. कांडपाच्या दारात बायकांची रांग. सगळ्यांच्या नाकावर पदर, सगळ्यांना शिंका, आणि तरी कुणी उठून बाहेर जात नाही, कारण आपलं तिखट दुसरीच्या तिखटात मिसळू नये म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचं असतं. तासन् तास जातात. घरचं कुणी हाक मारत नाही.

गेल्या खेपेला त्या रांगेत मी सहज म्हटलं, "मला बाई या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट आवडते. घरी गेल्यावर गरम भाकरीवर नव्या तिखटाची चिमूट आणि कच्चं तेल." शेजारी विडी वळणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला नव्या पोलक्याचा वास. धुवायच्या आधी. एकदा धुतलं की गेला." मग पलीकडची म्हणाली, तिला बैलगाडीच्या शर्यती बघायला आवडतात, पण बायकांना कोण नेतंय. एक पोरगी, नुकती लग्न होऊन आलेली, कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, "मला पाऊस पडताना एसटीच्या खिडकीत बसायला आवडतं." रांगेत हसू पसरलं, पण प्रेमाचं. त्या पोरीचा चेहरा असा काही उजळला की सांगता येत नाही. त्यानंतर आम्ही भेटलो की एकमेकींना नावाच्या आधी आवड आठवते. पोलक्याची मावशी, शर्यतीवाली, पावसाची पोरगी.

तुझी जागा वेगळी असेल. ती शोध. आणि सुरुवात आपण सांगून करायची असते, हे लक्षात ठेव. "तुम्हाला काय आवडतं?" असं थेट विचारलं की आपल्या बायका बुजतात. आपलं एक साधंसं सांगितलं की त्यांचंही येतं.

जागा शोधायला घराबाहेर पडावं लागतं, म्हणून आता बसचं. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या बसला तिकिटाचे पैसे नाहीत. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. त्याच वर्षी मार्चपासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. आपण सीमेवरच्या, म्हणून कोल्हापूरकडे गेलं तरी आणि बेळगावकडे गेलं तरी आपला फायदाच. तू या दोन्ही बसमधून किती वेळा गेलीस? गेलीस, पण दवाखान्यात, बारशाला, मयताला, बँकेत. एकदा कामाशिवाय जा. निपाणीहून बेळगाव सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, घाट उतरला की बाहेर बघायला चिक्कार. सकाळचं उरकून निघालीस तर मुलं शाळेतून यायच्या वेळेला परत येशील.

बेळगावात उतरून कुठे जाऊ म्हणशील. स्टँडपासून किल्ला जवळ आहे. आत कमल बस्ती आहे, रट्टांच्या काळात 1204 साली बांधलेली. मंडपात उभी राहून मान वर कर, छताला दगडाचं कमळ लोंबतंय. भर उन्हाळ्यात तिथे पायाला थंडगार फरशी लागते. मी तिथे नुसती बसते. काही मागायला जात नाही. नाहीतर सार्वजनिक वाचनालयात जा. 1848 सालापासून चालू आहे, विचार कर! आणि येताना कुंदा आण. दूध तासन् तास आटवून, साखरेबरोबर तपकिरी रंगावर येईपर्यंत ढवळून केलेला, दाणेदार. पण माझी एक अट आहे. पहिला चमचा बसमध्येच खायचा, तू स्वतः. घरी नेऊन सगळ्यांच्या वाट्या भरल्यावर डब्याच्या कोपऱ्यात चिकटलेला कुंदा खरवडून खायचा नाही. तो बहाद्दरपणा आपण पुष्कळ केला.

पैशाचं म्हणशील तर गृहलक्ष्मीचे दोन हजार ज्या घरात बाईच्या नावावर येतात, तिथे तरी त्यातली एखादी शंभराची नोट बाईनं हिशेबाबाहेर ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे ते सासूबाईंच्या खात्यात येतात, मला माहीत आहे. त्यांनाही हे सांग. त्या पैशांचं त्या काय करतात ते मात्र विचारू नकोस.

एक गोष्ट इथे नीट समजून घे, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ होईल. लहान सुखांची गोष्ट कुणाला हक्काच्या बदल्यात सांगायची नसते. आपल्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या कामात बायकांची आयुष्यं गेली. मांडीवर सूप, पानाला कात्री, हजारावर मजुरी, आणि दिवसभर वळलेल्या विड्यांतून 'छाट' म्हणून बाजूला टाकलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. अनिल अवचटांनी 'अंधेरनगरी निपाणी'त ते लिहिलंय, मन घट्ट करून वाचावं लागतं. त्या बायकांना कुणी जाऊन सांगितलं असतं, की बाई, खिडकीतला पाऊस बघा आणि समाधानी राहा, तर तो अन्याय झाला असता. त्यांना आधी मजुरी हवी होती आणि त्यासाठी त्या रस्त्यावर उतरल्या. पण म्हणून त्यांना पोलक्याचा वास आवडायचा अधिकार नव्हता का? तोही होताच. तुझ्यावर कामाचा बोजा अन्यायाचा पडत असेल तर त्याचं आधी घरात बोल. मी सांगतेय ते त्याच्यावरचं औषध नाही. ते वेगळं, आणि तेही हवंय.

दुसरं, मोबाइलवर फोटो टाकणं. टाक, मला राग नाही. पण त्याला आवड वाटून घेणं म्हणू नकोस. तुझ्या जास्वंदीच्या फोटोला चाळीस अंगठे आले, त्यातल्या एकीनं तरी घरी येऊन ते फूल बघितलं का? मला वाटून घेण्याचा अर्थ कळला तो आमच्या शेजारच्या अव्वांकडून. त्या कानडी, मला त्यांचं निम्मं कळतं, त्यांना माझं पाऊण. त्यांच्या कडक भाकऱ्या, पापडासारख्या पातळ, महिना-महिना टिकणाऱ्या, मला फार आवडतात. हे मी एकदा बोलून गेले. तेव्हापासून त्यांनी भाकऱ्या केल्या की चार माझ्या, कापडात बांधून, वर शेंगाचटणीची पुडी. मीही गप्प राहिले नाही. त्यांना आपल्या भरलेल्या मिरच्या आवडतात हे त्यांच्या सुनेकडून काढून घेतलं. एरवी बाहेर चौकात पाट्यांवरून, भाषेवरून काहीही तापलेलं असो, आमच्या दोन दारांमधली ही देवघेव थांबलेली नाही. आपला सीमेचा प्रश्न खरा आहे, 1956 पासूनची ठसठस आहे, आणि मराठीसाठी मी उभी राहते, राहीनच. अव्वांच्या भाकरीशी त्याचं भांडण लावायचं मला कारण दिसत नाही.

आणि ऐक, प्रत्येक आवड सगळ्यांना सांगायची असंही नाही. एखादी स्वतःजवळ असू दे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पूर्वी बासमती पिकायचा. भात पोटरीत आलं की बांधावरून चालताना वास यायचा. माझी त्या वासाची एक आठवण आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही, तुलाही सांगणार नाही. ती माझी.

तुझ्या लग्नात मांडे आले होते, आठवतात? रुखवतावर तू त्यांच्याकडे बघायचंही विसरलीस, फोटोवाल्यानं तुला इतकं पिडलं होतं. ते करताना मी बघितलेत. भिजवून भिजवून लवचिक केलेल्या कणकेची लाटी, आत खवा, पिठीसाखर, वेलची. ती बाई लाटलेली पोळी दोन्ही हातांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत मोठी करते, कोपरापर्यंत पसरते, आरपार दिसायला लागते. मग चुलीवर उपड्या घातलेल्या तापलेल्या कढईवर एका झटक्यात टाकते. क्षणभरात फुगवटे येतात, आणि गरम आहे तोवर घडी घालावी लागते. गार झाला की घडी पडत नाही, मोडतो. बोटं भाजलेली असतात त्या बायकांची. मी विचारलं, एवढं करून तुम्हाला मांडा आवडतो का? ती म्हणाली, "खायला नाही आवडत, गोड जास्त. हातावर मोठा होताना बघायला आवडतो." बघ, करणाऱ्याला स्वतःच्या कामातलं नेमकं काय आवडतं ते ठाऊक होतं. तुला तुझ्या रोजच्या कामातलं काय आवडतं? काहीतरी असेलच. कपडे वाळत घालताना ओल्या धोतराचा फटकारा? वाटणाचा वास? चष्मा लावून मुलीच्या वहीवर सही करणं? तेवढं शोध, बाकीच्या कामाबद्दल मी काही बोलत नाही.

मुलीवरून आठवलं. धाकटी तुझ्याकडे बघतेय. सायीवरचा हक्क तिला आत्ता आहे, कारण ती लहान आहे. अजून दहा वर्षांनी ती साय भावाला वाढेल आणि म्हणेल, मला नाही आवडत. हे तिला कुणी शिकवत नाही, ती तुझं ताट बघून शिकते. तेव्हा निदान रविवारी तरी तुझ्या आवडीची एक भाजी कर आणि ताटावर सगळे असताना सांग, की आज ही माझ्यासाठी केलीय. पहिल्या वेळेला जड जाईल. थोरला म्हणेल, मला नको. त्याला लोणचं दे.

आता पुढचं ठरवून टाकू. थंडीत आपल्याकडे गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, तुमच्या बाजूला कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मग दिवसभर मांडवात भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. मला त्यातलं कथाकथन सगळ्यात आवडतं, आणि मांडवाच्या मागच्या बाजूला पुस्तकांचे स्टॉल. अध्यक्षीय भाषण लांबलं तर आपण उठून स्टॉलवर जाऊ, कुणी काही म्हणत नाही. कारदग्याची तारीख कळली की मी तुला कळवते. त्या दिवशी मुलांची सोय भावजींकडे, हे आत्तापासून घरात सांगून ठेव, ऐनवेळी नको. सकाळी आठच्या आत निपाणी स्टँडवर उभी राहा. डबा आणू नकोस, दुपारचं जेवण गावकरीच घालतात.